एकशे चौदावी पट्टी

इतवारीच्या वखारीतून सागाचा भुसा आणला,
दोन पोती, फुकट.
साहूच्या दुकानातून जुन्या उत्तरपत्रिका,
किलोला चौदा रुपये.
नापासांच्या न्या, तो म्हणाला, त्यांत शाई कमी.
हसलो. मग खरंच मोजलं:
धुवायला पाणी निम्मंच लागलं.

शेड अमरावती रोडला, पत्र्याचं.
एक गरम दाबयंत्र, एक ताणयंत्र,
माझं पीएचडीचं पाचवं वर्ष,
आणि सोनकुसरे.

गिरणीत एकोणीस वर्षं सुताला खळ लावली त्यांनी.
गिरणी बंद पडली, बोटं चालू राहिली.
मी सूक्ष्मदर्शकाची काच पुसते आहे तोवर
ते लगद्यात कोपरापर्यंत हात घालून मोकळे:
"अजून कुटा जी.
धागे अजून एकमेकाले ओळखत नाईत."

कुटतो.
एका तंतूतून शंभर निघतात,
त्यांतल्या एकेकातून पुन्हा किती ते यंत्रालाच ठाऊक.
शेवटी बाटलीत उरतं
साबुदाण्याच्या पेजेसारखं काहीतरी,
शंभरात नव्व्याण्णव भाग पाणी.
उरलेल्या एका भागासाठी
आम्हाला अनुदान मिळतं.

डिंक घालत नाही. हेच कुणाला पटत नाही.
पाणी जाऊ द्यायचं, बस.
जाता जाता ते तंतूंना इतकं जवळ ओढतं
की मग ते सुटत नाहीत.

मेमध्ये सुटत नाहीत.
मेमध्ये नागपूर म्हणजेच भट्टी,
पट्टीला टिचकी मारली तर पत्र्यासारखी वाजते.
श्रावणात तीच सादळते,
डब्याचं झाकण उघडं राहिलेल्या पापडासारखी.
ज्यानं जोडलं तेच पाणी हवेतून परत येतं
आणि गाठी सोडवून जातं,
कुणावरही राग नसल्यासारखं.
एकशे तेरा अशा गेल्या.

एकशे चौदावीत लिग्निन सगळं काढलं नाही.
झाड ज्याच्या जोरावर पावसात उभं राहतं, ते
थोडं राहू दिलं.
विचारपूर्वक, असं अहवालात लिहिलंय.
खरं म्हणजे रविवार होता,
भांडं लवकर उतरवलं.

ताणयंत्राच्या जबड्यात धरली.
आकडा चढला, चढत राहिला,
आणि खाडकन आवाज आला.
पट्टी शाबूत. जबडा निसटला होता.
नियमाप्रमाणे अशी चाचणी बाद.
मी "बाद" लिहिलं, तारीख टाकली.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
सोनकुसऱ्यांनी पिशवीतून लाकडी बैल काढला.
नातवाचा, सुयोगचा. शिंगांना बेगड,
पुढचा उजवा पाय गुडघ्यातून मोडलेला.
"ते एकशे चौदावं उरलं का जी थोडं?"
मी म्हटलं, काका, त्याची चाचणी नाही झालेली.
"मंग करा ना. हा उद्या गल्लोगल्ली फिरन."

पेज लावली, वर ओल्या पट्टीचे तीन वेढे,
सुताराच्या शिकंज्यात रात्रभर.
दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता.
मी खिडकीतून ढग पाहत बसले,
आर्द्रता एक्क्याण्णव टक्के,
आणि महालात कुठंतरी माझा नमुना
चाकांवर खडखडत
दारोदार बोजारा मागत होता.

तीन दिवसांनी बैल परत आला.
पाय पुन्हा मोडला होता.
हातात घेऊन बघितला:
आमचा जोड होता तसाच,
वेढ्याची कडसुद्धा उचलली नव्हती.
जोडाच्या वर बोटभर अंतरावर
साग तुटला होता. अख्खा, जुना, चांगला साग.

वहीत याला रकाना नाही.
तापमान आहे, जाडी आहे, आर्द्रता आहे,
पोरानं किती वेळा पायरीवरून उतरवला ते नाही.
मी पेन उघडून तशीच बसले.

सोनकुसरे काही बोलले नाहीत.
तुटलेला सागाचा तुकडा त्यांनी
भुशाच्या पोत्यात टाकला,
आणि दाबयंत्र तापायला चाळीस मिनिटं लागतात
म्हणून बटण दाबायला गेले.