कंटाळवाणी बैठक

बत्तीस वर्षं मी बोटींवर डाळ शिजवली,
शेवटची सात एका नदीवर.
नदी म्हणजे आपल्या तेरेखोलसारखीच,
दोन काठ, मध्ये पाणी.
फक्त भरती-ओहोटी नाही तिला
आणि पाण्याला कसला म्हणून वास नाही.

एका काठावर जर्मनी, दुसऱ्यावर फ्रान्स.
मला वाटलं होतं, कुठेतरी रेघ दिसेल.
सकाळी या काठावरून पाव घ्यायचा,
कांदे त्या काठावरचे, स्वस्त म्हणून,
आणि नोटा त्याच, चुरगळलेल्या, एकाच खिशातल्या.

दुआर्ते डेकवरून पडला तो मार्चचा महिना.
पोर्तुगालचा पोरगा. माझ्या हातची आमटी
भातावर नाही, पावाबरोबर खायचा.
मांडीचं हाड बाहेर आलेलं. रात्रीचे दोन.
मी त्याचं डोकं धरून बसलो
आणि मनातल्या मनात सातेरीला सांगितलं,
आता विचारतील, कुठला? कुणाच्या हद्दीत पडला?
पैसे कोण भरणार?

कुणी विचारलं नाही.
ॲम्ब्युलन्स पूल ओलांडून आली, पूल ओलांडून गेली.
नर्सने त्याच्या खिशातलं निळं कार्ड काढलं,
बघितलं, परत ठेवलं.
बस.
याच पुलाखाली त्यांच्या आज्यांनी
एकमेकांची प्रेतं मोजली होती,
म्हातारा कप्तान सांगायचा.

पुष्कळ दिवस मी विचार केला,
हे कुणी केलं असेल?
शूर माणसांनी नसेल.
चष्मेवाल्या, टक्कल पडलेल्या लोकांनी केलं असेल,
गार कॉफी पीत, एकेका शब्दावर भांडत,
दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याकडून समजून घेत,
या देशातलं हाड त्या देशात जोडलं
तर प्लास्टरचे पैसे कुणाच्या वहीत,
यावर वर्षानुवर्षं बसून.
केवढे कंटाळले असतील बिचारे.
त्यांच्या त्या कंटाळ्यावर
दुआर्ते आज फुटबॉल खेळतो.

आणि गंमत बघा,
आमच्या खाडीतली रेघ त्याच्याच पणज्यांनी ओढलेली.
ते गेले. घरी जाऊन त्यांनी आपल्या रेघा पुसल्या.
इथली आम्ही जपून ठेवली,
पाहुण्याची विसरलेली छत्री ठेवावी तशी.

टाळेबंदीच्या वर्षी आरोंद्याच्या पुलावर
डंपरभर माती टाकली.
भिवा ताऱ्याच्या छातीत कळ आली ती त्याच आठवड्यात.
ज्याने जन्मभर माणसं पार केली
त्यालाच होडीत आडवा घातला आम्ही,
बत्ती विझवून, वल्हं अलगद,
चोरटी दारू येते त्याच वाटेने, उलटा.
पलीकडे किरणपाण्याचा सालू फर्नांडिस
व्हॅनचं इंजिन चालू ठेवून उभा.
इस्पितळात पहिला प्रश्न, "खंयचो?"
सालू म्हणाला, "म्हजो मामा."
भिवा गाबीत, सालू किरिस्तांव.
बाईने दोघांकडे एकदा बघितलं
आणि मामाच लिहिलं.

माणसं करतातच.
खारीचा बांध फुटतो तेव्हा
चिखल कुणाच्या शेतातला, कोण विचारतं?
पण दर वेळी होडी काढावी लागू नये,
दर वेळी कुणाला मामा व्हावं लागू नये,
म्हणून तर सरकारं असतात ना?
दोन असली तरी.

परवा पुलाजवळच्या शाळेत बैठक झाली.
इकडचे तहसीलदार, तिकडचे मामलेदार.
विषय ॲम्ब्युलन्सचा.
डिझेल कोण भरणार
यावर एक तास दहा मिनिटं.
पोरं जांभया देत उठून गेली.
एकाने मलाही खुणावलं,
"चल आबा, हेंचा काय खरा नाय."

मी नाही उठलो.
मागच्या बाकावर गुडघे आवळून ऐकत राहिलो.
डिझेल संपलं, मग ड्रायव्हरचा भत्ता निघाला,
मग टायर.
कारकुनाने घड्याळ बघितलं,
तिकडच्या साहेबाने फाइल मिटली.

तेव्हा मात्र उठलो आणि चहा सांगितला,
दुसऱ्यांदा, माझ्या पैशाने,
भजीसुद्धा.
बसा, म्हटलं. सावकाश.
अजून टायरचं ठरायचंय.