पाठमोरी

तेवीस संघ. प्रत्येकाला सहा सामने.
एका सामन्यात चार रोबो, दोघं दोघांविरुद्ध.
एकशे अडतीसला चाराने भाग जात नाही,
शेवटच्या सामन्यात दोन जागा रिकाम्या राहतात.
म्हणून कुणीतरी दोन संघ सातव्यांदा खेळायचे
आणि तो सामना त्यांच्या खात्यात धरायचा नाही.
हे मी शुक्रवारी रात्री, मालवणात,
शाळेच्या कंप्यूटर-खोलीत बसून ठरवलं.
म्हणजे ठरवलं नाही. बटण दाबलं.

सकाळी देवबागची जुईली तांडेल
वेळापत्रकाचा कागद घेऊन टेबलापाशी आली.
अंगठ्यावर सोल्डरचा चटका.
"मॅडम, कणकवलीवाल्यांचो रोबो हलतच नाय.
आमका तो दोनदा जोडीदार कसो?"
कंप्यूटरने काढलंय, मी म्हटलं.
"तेका म्हायत आसा, कोण कसो तो?"
नाही गं. त्याला काहीच माहीत नसतं.
म्हणून तर त्याला विचारायचं.

तिला पटलं नाही.
तिच्या वयाची असताना मलाही पटलं नसतं,
पण मला तेव्हा कामाला लावलं होतं.

रापण ओढून झाली की वाळूवर वाटे घालायचे.
बांगडे, तारल्या, मधूनच एखादी सुरमय,
नजरेने सारखे केलेले, तरी सारखे नसलेले.
मग एका पोराला पाठमोरं उभं करायचं,
बहुतेकदा मला,
तोंड माडांकडे, पाठ समुद्राकडे.
जुजेकाका एकेका वाट्यावर बोट धरून ओरडायचा,
"ह्यो कोणाचो?"
मी नाव घ्यायची. भिकाजी. रोझाबाय. मेस्तांचो दत्तू.
ज्याचं नाव, त्याचा वाटा.
कुणी कुरकुरलं तर दर्यावर, नाहीतर नशिबावर.
माझ्यावर नाही. पोर पाठमोरी होती.

जुईलीला न सांगितलेलं असं :
पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा
देवबागला लागोपाठ दोन सामने आले होते,
मध्ये सहा मिनिटं.
त्यांच्याकडे बॅटरी एकच, चार्ज व्हायला चाळीस.
कुणाचं वाईट न करता मी पुन्हा दाबलं.
कुणाचं वाईट न करता, असं तेव्हा वाटलं.
नव्या कागदात त्यांना बॅटरीपुरता वेळ मिळाला
आणि कणकवली मिळाली. दोनदा.
तिसऱ्यांदा दाबायला बोट गेलं,
तिथंच थांबलं. पंखा फिरत होता.
किती वेळा दाबलं म्हणजे ते नशीब राहत नाही,
हुकूम होतो?

कुर्ली, हे त्यांच्या रोबोचं नाव, तिरकी चालते.
एक मोटर दुसरीपेक्षा मंद. नवी घ्यायला पैसे नव्हते,
तेव्हा पोरींनी तिरकं चालवणंच शिकून घेतलं.
सहा सामन्यांत दोन जिंकल्या.
पस्तिसावा सामना त्यांचा न धरायचा.
त्यात कुर्लीने अकरा चेंडू टोपलीत टाकले,
सगळं सभागृह उभं राहिलं,
आणि गुण लिहिणाऱ्या पोराने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. नियम.
जोडीला वेंगुर्लं होतं, त्यांचे मात्र धरले.
वेंगुर्लं अंतिम फेरीत गेलं.
जुईली बॅटरी काढून, वायर गुंडाळून,
मला नमस्कार करून गेली. तोच जरा जड गेला.

संध्याकाळी ऊन समुद्रावरून येतं,
हे देवबागच्या पोरीला सांगायला नको.
पाठीमागच्या माणसांच्या सावल्या
आपल्या पुढ्यात पडतात, माडांच्या बुंध्यापर्यंत लांब.
एकदा जुजेकाकाची सावली अगदी कडेला जाऊन वाकली.
कडेच्या वाट्यात सुरमय होती.
"ह्यो कोणाचो?"
मी बाबांचं नाव घेतलं.

रात्री तिखलं झालं. कुणी काही बोललं नाही.
बाबांनी शेवटचा काटा ताटाच्या कडेला लावून ठेवला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"उद्यापासून दत्तूच्या झिलाक उभो करूया.
तू आता जाणतां झालंस."