पाव सेकंद

दुकानदार म्हणाला, वरची चकती फिरवायची,
मोठा आकडा म्हणजे छोटा क्षण.
एवढंच शिकवलं त्यानं, आणि पावती फाडली.

दिओलिंदा खिडकीशी बसली आहे.
समोर घोडीवर लोडासारखी उशी,
उशीवर टाचण्यांचं रान,
आणि दोऱ्यांना लोंबणाऱ्या चाळीस लाकडी दांड्या.
उजवीवरून डावी, डावीखालून उजवी,
लेस बोटभर पुढे सरकते.
बाहेर आव नदी समुद्राला मिळते आहे,
हिला तिकडे बघायला सवड नाही.

हजार.
दांड्या अधांतरी थिजल्या,
बोटं अशी, की कुणी मागून दरडावलं असावं.
ती पडद्यात डोकावते:
"ही बाई काम करत नाहीये. ही सापडलीये."

साठ.
"हा पासपोर्टला चालेल."

मग ती चष्मा पुसायला थांबते,
आणि हात मोकळे होताच थरथरू लागतात.
दोन वर्षं झाली. डॉक्टरनं सांगितलेलं नाव
ती या घरात काढू देत नाही.
कामात असले की हात तिचे,
रिकामे झाले की परक्याचे.

माझा अंगठा आपसूक मोठ्या आकड्याकडे वळतो.
पाचशेवर ठेवलं की कापरं गायब,
फोटोपुरती ती ठणठणीत.
एवढ्याशा चकतीनं माणूस बरा करता येतो.

"काय खुडबुडतोस, आबेलार्दू?"
तिच्या लक्षात आलंय.
तीस वर्षं मी मासळीच्या लिलावात बोली पुकारली,
ती तेच काढते:
"माल आहे तसा दाखव."

चार. म्हणजे पाव सेकंद.
तिवई नाही माझ्याकडे,
सार्डिनच्या डब्यावर कॅमेरा टेकवला,
श्वास धरला. तिनंही धरला असावा.

खिडकीची चौकट स्पष्ट.
टाचण्या मोजून घ्याव्यात.
लेसमधलं अर्धं फूल, कानातलं सोन्याचं कडं,
गालावरचा तीळसुद्धा जागच्या जागी.
फक्त मनगटांपुढे
पांढरट काहीतरी उसळतंय,
टोपलीत ओतलेली, अजून न मेलेली मासळी असते तसं.

बराच वेळ ती बघत राहते.
"किती हात आहेत गं बाई हिला?"
पाव सेकंदात मावले तेवढे, मी म्हणतो.

ती हसत नाही. चष्मा चढवते,
दांड्या उचलते, कुठे होतो ते शोधते.
"हा ठेव. बाकीचे पूस."

साठचा मी ठेवलाय.
तिला सांगितलेलं नाही.