सुकती

अंगणवाडीच्या काट्यावर परवा मी
तीनचे आठ वाचले.
सव्वा महिन्याचं पोर, आणि रजिस्टरात आठ किलो!
नर्सबाई हसून हसून भिंतीला टेकल्या.
पोराची आई हसली नाही.
तिचंही वजन मीच केलं होतं,
याच झोळीत, अशीच पाय झाडत होती.

मग दापोलीला जाऊन चाळिशी आणली.
एक्कावन्नाव्या वर्षी चाळिशी.
दुकानदार म्हणाला, "ताई, उशीरच केलात."
डोळ्यांवर चढवली आणि पहिल्यांदा दिसले
ते माझेच हात.
नखांशी हळद, पेरांवर कोयत्याचे जुने वार,
आणि मनगटाशी ते तपकिरी ठिपके
जे आईच्या हातावर मी मोजायचे, तिला झोप लागली की.
सतरा होते तिचे.
माझे अजून नऊ.

लग्न होऊन बुरोंडीत आले तेव्हापासून
कॅलेंडरवर लाल पेनाचा ठिपका देत आले,
दोन पोरांच्या वेळी तेवढी सुट्टी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलग बारा महिने कोरे गेले
की गेली म्हणायची.
अकरा गेले.
बाराव्यात आली परत,
विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुणीसारखी,
दारातूनच. बसलीही नाही.
पुन्हा एकपासून मोजणी.
ह्या अमावास्येला चौदा झाले.
त्याच लाल पेनाने आता सुकतीच्या वेळा लिहिते.

कुणाला सांगतात का हे?
पेढे वाटतात?
सुरू झाली तेव्हा आईने पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकली
आणि शेजारणीला म्हणाली, कावळा शिवला.
मी दिवसभर आभाळात बघत होते,
कुठला तो.

रात्री मानेपासून चूल पेटते.
उठून मागचं दार उघडते.
ह्यांचा आवाज गोधडीतून, "अगं, थंडी आत येत्येय!"
येऊ दे.
माडाच्या बुंध्याशी उभी राहते, पोलकं ओलं,
खारा वारा मान चाटतो, वासराला गाय चाटते तसा.
रडलेही दोन-तीनदा.
कशासाठी, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही.
डायची पुडी फळीवर पडून दगड झाली.
फेकलेली नाही. असू दे.

काल उधाणाची सुकती.
पहाटे सहाला पाणी इतकं लांब गेलं
की दर्या बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी गेलासा वाटला.
हलिमा आणि मी, टोपल्या, कोयते,
शेवाळावर चवड्यांनी अंदाज घेत
जिथे एरवी होडीचा नांगर पडतो तिथवर.
तिथली कालवं मोठी.
हलिमा माझ्याहून सहा वर्षांनी थोरली, सांगत होती,
अष्टमीचं भांगाचं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
भरती मोठी असते ना,
तेव्हाच ओहोटीही लांब जाते.
ती कालवांबद्दल बोलत होती.
मी भलतंच ऐकलं.

चाळिशी दोऱ्याने गळ्यात बांधलेली.
कातळाच्या फटी लख्ख दिसतात,
कुठे कालव मिटून बसलंय, कुठे नुसतंच कवच.
गुडघा कुरकुरला. वाकताना 'आई गं' म्हटलं
आणि आवाज आईचाच निघाला.

एक कावळा येऊन बसला, दोन हातांवर,
मान वाकडी करून.
तूच का रे तो?
एक कालव फोडून टाकलं त्याच्यापुढे.
घे. आणि शिवायचं तर शिव खुशाल,
मी आता कुठल्या कोपऱ्यात बसत नाही.
हलिमा इतकी हसली की ओढणी गेली डबक्यात.

मग तीच ओरडली किनाऱ्याकडून,
"चल गो, पाणी फिरलं!"
घोट्याला गार लाट लागली.
मी म्हटलं, थांब जरा,
हे एक मोठं आहे.
सुटतंय.