झाकणभर पाणी

लळिंगच्या टाक्यापाशी बसून
मोज्यातली कुसळं उपटत होतो. मार्च.
खाली धुळं पांढरं पडलेलं.

सुपडूनानांनी पायरीच्या सांदीतून
नखाने खरवडली वाळकी हरिता
(शेवाळ म्हटलेलं त्यांना खपत नाही),
चहाच्या चोथ्यासारखी, ना मूळ ना फूल.
शेजारी माझं एक कुसळ ठेवलं.
तीस वर्षं कॉलेजात परीक्षानळ्या धुतलेला माणूस;
बाटलीच्या झाकणातून
मोजूनच थेंब सोडला दोघांवर.

कुसळ पीळ सोडत फिरायला लागलं,
माती शोधत, कातळावर.
हरिता हलली म्हणावी तर नाही,
नुसती
हिरवी झाली.

"दख," नाना म्हणाले,
"एक निंघस, एक थांबस."
उरलेलं पाणी ते स्वतः प्यायले.

देवपूरला घरी पोचलो, मोजा काढला.
एक अजून आत होतं,
घामावर फिरत.