हातचा

निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात अकरा रकाने होते,
सातवा 'ध्वनी'.
माईक, मिक्सर, पार्श्वसंगीत, मिनिटाचा दर.
किसुमूत, चपलांच्या घाऊक दुकानाच्या वर,
आम्ही पाच जण. चौघांना ऐकू येत नाही.
पाचवी मी, अपोंडी, व्यवस्थापक.
मला ऐकू येतं, म्हणून फोन माझ्या गळ्यात.

काम साधं वाटलं होतं:
दोन-दोन मिनिटांच्या सहा चित्रफिती,
सरोवरावर वादळ उठतंय हे
बहिऱ्या मच्छीमारांना वेळेत कळावं म्हणून.
आठ आठवडे.
भिंतीवर चिठ्ठ्या डकवल्या,
पिवळी चित्रीकरणाची, निळी संकलनाची,
गुलाबी म्हणजे जे कुणाच्याच वाट्याला आलं नाही ते.
भिंत गुलाबी दिसू लागली.

तिसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी, भर बैठकीत वीज गेली.
माझ्या आधीच्या नोकरीत
भांडण अंधारातही चालू राहायचं.
इथे वाक्य अधांतरी तुटलं.
अडेडेचे हात हवेत कुठेतरी असणार,
संकलनाच्या तारखेवरून तावातावाने काही सांगत,
आणि मी ओरडले, "थांबा, थांबा!"
कुणासाठी, ते मलाच ठाऊक नाही.

ओगुटूने मोबाईलचा टॉर्च लावला
आणि वासोंगाच्या हातांवर धरला.
त्याचं बोलून झालं, टॉर्च पुढे सरकला.
ज्याच्या हातांवर उजेड, त्याची पाळी.
कुणी कुणाला मध्ये तोडलं नाही,
आणि दोन तासांचं भांडण
चाळीस मिनिटांत मिटलं.
वीज आली तेव्हा वासोंगाने उठून
बटण बंद केलं.
तेव्हापासून मंगळवारी आम्ही पडदे ओढतो.

पाचव्या आठवड्यात न्यासुना आजी.
जाळी विणणारी, आमची एकमेव कलाकार.
तिची वादळाची खूण अशी:
दोन मुठी छातीपाशी, एकीभोवती दुसरी गरगर.
डुंगाच्या किनाऱ्यावर दाखवून पाहिली,
तर होमा बेकडची पोरं पोट धरून हसली.
त्यांच्याकडे ती उगाली घोटायची खूण.
"सरोवरावर उगाली येतेय? येऊ दे की!"

पुन्हा चित्रीकरण. चार दिवस पाण्यात.
मी टेबलावर हात टेकले.
चौघांनी एकदम वळून पाहिलं: काय म्हणालीस?

आजी मात्र त्या पोरांशेजारी वाळूत बसली,
त्यांच्याकडून त्यांचं वादळ शिकली:
एक तळहात होडी, दुसरा तिच्यावर कलंडणारा.
मग दोन्ही खुणा घेतल्या, एकीमागून एक.
चौथी फीत सात सेकंदांनी लांबली.
अडेडे म्हणाली, कापणार नाही.
मीही कानाडोळा केला.

हिशोब मात्र जुळेना.
दिव्यांचा खर्च दुप्पट, कारण हात दिसायला हवेत,
नखापासून कोपरापर्यंत, सावलीशिवाय.
ध्वनीचे पैसे तसेच.
तिसरीत बाई ओरडायच्या, अपोंडी, हातचा विसरलीस!
तसा तो आत्ता आठवला,
सातव्यातून उचलून चौथ्या रकान्यात मांडला.

पण रिकामा रकाना प्रणाली स्वीकारत नाही.
शून्यही नाही. रेघही नाही.
रात्री अकराला अडेडेने माझा कीबोर्ड ओढून घेतला,
सातव्या रकान्यात लिहिलं:
थरथर. तीन लांब, एक आखूड.
खिशातल्या फोनची, बरगडीला लागेल इतकी.
खर्च: वासोंगाचा एक दिवस.

तो दिवस कुठून आणायचा, अजून शोधतेय.

गुरुवारी डुंगावर चाचणी घेतली.
ऊन कडक, पाणी काचेसारखं,
आजी जाळ्याच्या ढिगात पाय पसरून.
तिच्या ॲप्रनचा खिसा थरथरला,
तीन लांब, एक आखूड.
चाचणी आहे हे तिला सांगितलेलं होतं.
तरी तिने फोन काढला नाही.
आधी मान वर करून
सरोवराकडे पाहिलं.