न जाणारी बाजू

हर्णैच्या वरच्या सड्यावर, जिथे पूर्वी नुसती जाळी वाळत,
आता किलोमीटरभर डांबर वळवळतं.
रचलेले टायर, वाळूची पोती, आणि एक पत्र्याची शेड.
ती माझी.
शर्यत संपली की पहिल्या पाच गाड्या आधी माझ्याकडे.
दोरी ओलांडून बापानंही आत यायचं नाही.

वजनाचा काटा बंदरावरचा, लिलावातला.
कितीही धुतला तरी सुरमईचा वास येतो,
हेल्मेट काढून त्यावर उभी राहताना पोरं नाक मुरडतात.
आणि माझ्या खिशात एक पोलादी सळई, वीतभरही नाही.
एक टोक भोकातून गेलंच पाहिजे.
दुसरं जाता कामा नये.
नियम एवढाच. बाकीची चाळीस पानं
खाऱ्या हवेनं एकमेकांना चिकटलीत.

आज निहाल खोत पहिला. बर्फाच्या फॅक्टरीवाल्यांचा.
कार्बोरेटरमागची चकती काढली,
इंजिनानं किती श्वास घ्यायचा ते ठरवणारी, पितळेची,
आणि न जाणारं टोक
गेलं.
लोण्यात सुरी जाते तसं नाही, जरा कुरकुरत.
पण गेलं.

बाप दोरीपलीकडून म्हणाला,
"केसाएवढा फरक, तांडेल. केसासाठी केस करणार?"

मी चकती उजेडात धरली.
आतली कड काळी. ताजं घासलेलं पितळ काळं नसतं.
ते काळं करावं लागतं: रॉकेलच्या दिव्यावर, मग तेलात.
त्याआधी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून
एकाच दिशेनं, घाई न करता.
हा हात मी ओळखतो.
मीच घडवलाय.
हंगाम दोन दिवसांवर आलेला, होड्यांच्या बुशी बसत नव्हत्या,
तेव्हा बारा वर्षांच्या हरेशला
शेजारी बसवून.

दुसरी दिशा चोगले. तिची चकती स्वच्छ.
काट्यावर चढली: सातशे ग्रॅम कमी.
सीटखाली जाळ्याचं शिसं बांधलं होतं,
तिसऱ्या वळणावर सुतळी तुटली.
भाऊ धावत जाऊन घेऊन आला, ओंजळीत,
डांबरावर तापलेलं.
"हे बघा ना, काका. इथंच होतं."
इथंच होतं, बाळा.
पण शिसं गाडीवर लागतं, रस्त्यावर नाही.
ती रडली नाही. हातमोजे एकात एक घातले,
सोडवले, पुन्हा घातले.

दोन्ही नावांपुढे मी एकच शब्द लिहिला.
पेन दोन्ही वेळा सारखंच चाललं.
त्याचं मला अजून बरं वाटत नाही.

चषक तिसऱ्याला गेला.
बुरोंडीचा कुणी, लंगडं इंजिन घेऊन आलेला.
नाव पुकारलं तेव्हा तो उसळपाव खात होता,
डाव्या हातानं घेऊ की नको, असा उभा राहिला.

संध्याकाळी हरेश काटा न्यायला आला,
उद्याच्या लिलावाला लागतो म्हणून.
टेम्पोत चढवला. दोरी आवळत, माझ्याकडे न बघता:
"किती निघालं?"
"वीस पॉइंट जास्त."
त्याचा हात थांबला.
"मी पंधराच काढलेले, भाऊ."

खाली बंदरात दिवे लागत होते.
वरचे पाच कुणाचे, ते दोघांनीही विचारलं नाही.
उतारावर त्यानं टेम्पो न्यूट्रलमध्ये सोडला,
डिझेल वाचवायला.

सळई मी रोज पुसतो.
या हवेत तशीच पडली तर गंज चढून जाड होते,
मग खोटं भोकही पास होतं.
जोरात घासली तर बारीक होते,
मग खरंही नापास.
बोटाला थोडं तेल, जुन्या बनियनचा तुकडा,
आणि हरेशला शिकवला होता
त्याहून हलका हात.